ओव्हरड्राइव्ह पेडल कोणतं घ्यावं? (अँप नाही, मंडपात थेट मिक्सरला)

गोदाकाठ (नांदेड)
मंडळी, ओव्हरड्राइव्ह घ्यायचंय. गिटार स्ट्रॅट पद्धतीची, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारी एकेरी गुंडाळी). कार्यक्रम सगळे मंडपातले: जयंती, गणपती, नवरात्र, लग्नाचा ऑर्केस्ट्रा. स्टेजवर गिटारचा अँप नसतो, पिन थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जाते. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत: बॉस एसडी-१, ट्यूब स्क्रीमर जातीचं (टीएस९ किंवा त्याची स्वस्तातली नक्कल), नाहीतर मार्शल ब्लूजब्रेकर जातीचं. तिन्हींत खरा फरक काय? दुसरा प्रश्न: पेडल दाबलं की आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो. चांगलं पेडल घेतलं तर तो जाईल का?

सोल्डर (लातूर)
दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. नाही, पेडल बदलून तो खिळा जाणार नाही.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे लाटेचे शेंडे छाटणं. शेंडे छाटले की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर तयार होतात आणि ते १० किलोहर्ट्झच्या पलीकडेही जातात. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही, म्हणून तिथं हाच आवाज गोड लागतो. पीएच्या (मंडपातल्या मोठ्या साउंडच्या) टॉपमध्ये हॉर्न असतो, तो सगळं जसंच्या तसं फेकतो. हेडफोनचंही तेच. तुमच्या साखळीत गिटार अँपचा स्पीकरच नाही, ही खरी अडचण आहे. खरेदी आधी कॅब सिम्युलेटरची (गिटार स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारं यंत्र), मग ओव्हरड्राइव्हची.

मंडपसाउंड (परभणी)
मिक्सरवर बसणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. खिळा ऐकू आला की आमचा हात ट्रेबलच्या नॉबवर जातो. लहान मिक्सरला तो नॉब १० नाहीतर १२ किलोहर्ट्झचा शेल्फ असतो, म्हणजे त्याच्या वरचंच कमी-जास्त करतो. टोचणारा भाग ३ ते ८ किलोहर्ट्झमधला, तो तिथंच राहतो आणि गिटार मात्र घोंगडीखाली गेल्यासारखी होते. मग फेडर (चॅनेलच्या आवाजाची सरकती पट्टी) खाली येतो आणि गिटारवाला म्हणतो, मला दाबलं.

साउंडवाल्याकडं डिजिटल मिक्सर असेल आणि त्याच्या चॅनेल ईक्यूत हाय कट असेल, तर फुकटात काम होतं. हाय कट ५ किलोहर्ट्झवर, लो कट ८० ते १०० हर्ट्झवर. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं मागून घ्या आणि सीनमध्ये (मिक्सरच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये) सेव्ह करायला सांगा.

सहावीतार (छत्रपती संभाजीनगर)
आता तीन पेडलांचं.

ट्यूब स्क्रीमर: टीएस८०८ १९७९ च्या सुमाराचं, टीएस९ १९८२ चं. ऑपअँपच्या (आवाज वाढवणाऱ्या आयसीच्या) फीडबॅकमध्येच दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट लावलेत, त्यामुळे छाटणी दोन्ही बाजूंनी सारखी आणि मऊ. बास कापून मध्य पुढं आणतं. ७२० हर्ट्झच्या आसपासचा उंचवटा ही त्याची ओळख.

एसडी-१: १९८१ चं. रचना जवळजवळ तीच, पण एका बाजूला एक डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन. छाटणी असमान झाली की सम हार्मोनिक (दुप्पट, चौपट कंपनांचे स्वर) जास्त येतात, आवाज थोडा खरबरीत आणि मोकळा लागतो. ड्राइव्हचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) १ मेगओहमचा, ट्यूब स्क्रीमरचा ५०० किलोओहमचा; म्हणून शेवटच्या टोकाला एसडी-१ जास्त फाटतं.

ब्लूजब्रेकर: गेन (आवाज किती पट वाढतो ते) कमी, बास शाबूत, मधला उंचवटा जवळजवळ नाही. हात हलका टाकला की स्वच्छ, जोरात मारला की किंचित फाटतं. एकट्यानं ऐकायला तिघांत सगळ्यात सुंदर.

पण ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि गाणारा एकत्र चालू असतात. तिथं बास शाबूत ठेवणारं पेडल बुडतं. लीडला ट्यूब स्क्रीमर किंवा एसडी-१ च वर येतं. माझं मत एसडी-१ ला.

सोल्डर (लातूर)
सहावीतार, बाकी सगळं पटलं, "बास कापतं" तेवढं दुरुस्त करा. ट्यूब स्क्रीमरमध्ये ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड यांची जोडी ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरवत नेते. पण ती नॉन-इन्व्हर्टिंग रचना आहे, गेन १ च्या खाली जात नाही. म्हणजे बास जसा आला तसा जातो, फक्त वाढत नाही आणि फारसा फाटत नाही. वाढतो आणि फाटतो तो मध्य. पुढं १ किलोओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा फिल्टर ७२० च्याच जवळून वरचं उतरवतो. दोन्हीकडून उतार, मधे टेकडी.

याचा व्यवहारातला अर्थ: जाड तारेवर पॉवर कॉर्ड वाजवली तरी चिखल होत नाही. सगळाच बास आधी वाढवून मग छाटणाऱ्या पेडलात तो होतो.

गेनचे आकडेही ध्यानात असू द्या. ड्राइव्ह शून्यावर असताना सुमारे १२ पट, पूर्ण फिरवल्यावर ११८ पट, म्हणजे ४१ डेसिबल. तुमच्या सिंगल कॉइलमध्ये मंडपातल्या लाइटींची जी भुणभुण शिरते, तीही तेवढीच वाढते.

सहावीतार (छत्रपती संभाजीनगर)
दुरुस्ती मान्य. "बास वाढवत नाही" असं वाचावं.

वेरूळवारा
लै भारी चाललाय धागा. एक शंका. ४५५८ नंबरच्या ऑपअँप आयसीबद्दल फार ऐकतो, जपानी जेआरसी४५५८ असेल तरच खरा आवाज म्हणे. नक्कल घेऊन ती आयसी बदलली तर?

नऊव्होल्ट (जालना)
पैसे वाचवा. ४५५८ ही आपल्याकडं होम थिएटरच्या बास-ट्रेबल बोर्डावर बसते तीच आयसी, कुठल्याही टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं मिळते. आयसी बदलून फरक कळालाच तर मागच्या खरखरीत (नॉइजमध्ये) कळतो, छाटणीत नाही. छाटणी डायोड ठरवतात.

हात चालवायचाच असेल तर डायोडवर चालवा. सिलिकॉन १एन४१४८ साधारण ०.६ व्होल्टला छाटतो, जर्मेनियम ०.३ ला, लाल एलईडी १.७ ला. एलईडी लावले की छाटणी उशिरा सुरू होते, आवाज मोठा आणि उघडा होतो, दाबलेपण जातं. जर्मेनियम लावले की आवाज लहान आणि चपटा. ट्यूब स्क्रीमरच्या एका बाजूला आणखी एक १एन४१४८ सिरीजमध्ये टाकला की छाटणी एसडी-१ सारखी असमान झाली. दोन रुपयांचं काम. डाग देताना सोल्डरिंग आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, स्वस्त बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलून येते.

सुटे भाग गावात मिळाले नाहीत तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली. नांदेडकरांना दोन्हीकडं देवगिरी एक्स्प्रेस आहे.

आणि कॅब सिम्युलेटरला पैसे नसतील तर पेडलच्या पुढं छोट्या डबीत दोन टप्प्यांचा फिल्टर बसवा. पहिला ४.७ किलोओहम सिरीजला आणि ६.८ नॅनोफॅरड अर्थला, दुसरा २२ किलोओहम आणि १.५ नॅनोफॅरड. दोन्ही ५ किलोहर्ट्झच्या आसपास कापतात. बॅटरी लागत नाही.

सोल्डर (लातूर)
नऊव्होल्ट, कल्पना बरोबर, पण किमती मंडपात फसतील. मिक्सरचा लाइन इनपुट बहुतेक १० किलोओहमचा असतो. २६.७ किलोओहम सिरीजला आणि पुढं १० किलोओहम म्हटल्यावर आवाज ११ डेसिबलनं पडणार. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या टप्प्याला तो १० किलोओहम समांतर येतो आणि त्याचा कोपरा (जिथून कापणं सुरू होतं ती जागा) ५ वरून १४ किलोहर्ट्झवर पळतो. फिल्टर लावलाय, पण अर्धा कामच करत नाही.

किमती खाली आणा: पहिला टप्पा १ किलोओहम आणि ३३ नॅनोफॅरड, दुसरा ४.७ किलोओहम आणि ६.८ नॅनोफॅरड. आता आवाज ४ डेसिबल पडतो आणि दुसरा कोपरा ६ किलोहर्ट्झच्या थोडा वर राहतो. चालण्यासारखं आहे. कपॅसिटर पॉलिस्टरचे घ्या, डबी पत्र्याची असू द्या आणि पत्रा अर्थला जोडा.

अट एकच, पेडलच्या आउटपुटला बफर (पुढच्या लोडचा परिणाम मागं न जाऊ देणारा टप्पा) हवा. ट्यूब स्क्रीमर आणि एसडी-१ मध्ये तो असतोच. लेव्हलच्या पॉटवरूनच थेट बाहेर पडणारं पेडल असेल तर पॉटचा रेझिस्टन्सही यात मिसळतो आणि आवाज घोंगडीत जातो.

खरा गिटार स्पीकर याच्यापेक्षा फार उभा उतरतो आणि त्याआधी २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये वर चढतो. तो चढ या डबीत नाही. ही तहान भागवणारी सोय आहे, चव देणारी नव्हे.

नऊव्होल्ट (जालना)
मिक्सरचा लोड धरलाच नव्हता. किमती तुमच्याच घ्याव्यात सगळ्यांनी.

तुळजाई (धाराशिव)
डबी करायची नसेल तर अँपची नक्कल करणारी पेडलं बघा. जोयोचं अमेरिकन साउंड फेंडरच्या लहान अँपच्या धर्तीवर आहे आणि स्पीकरचं अनुकरण त्यात आतच आहे. ते साखळीच्या शेवटी कायम चालू ठेवायचं, ड्राइव्ह स्वच्छच्या जरा वर, आणि त्याच्या आधी एसडी-१ किंवा ट्यूब स्क्रीमर. हा सगळा खेळ मुळात असाच चालतो: ओव्हरड्राइव्ह हे अँपला ढकलायला असतं. ढकलायला पुढं काहीच नसेल तर नुसत्या डायोडचा आवाज ऐकू येतो.

आयआर लोडर (खऱ्या स्पीकरच्या आवाजाची डिजिटल नोंद वापरणारं यंत्र) घेतला तर याहून बरं, पण त्याला वीज जास्त लागते आणि तो डिजिटल असतो. त्याचा अडॅप्टर वेगळा ठेवा. एकाच अडॅप्टरवरून फाटे काढले की डिजिटलची शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते.

रीडकी
थोडं विषयांतर. मिरवणुकीत गाडीवर जो बेंजो असतो, त्यालाही पिकअपच असतो ना? त्याला हे पेडल चालेल का?

मंडपसाउंड (परभणी)
चालतं, पण ड्राइव्ह अगदी कमी ठेवून. बेंजोत सूर धरणाऱ्या तारा सोडून बाजूच्या तारा सोबत घुमत राहतात. छाटणीत दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात, ते कुठल्याच पट्टीत बसत नाहीत. म्हणून ड्राइव्ह वाढवला की बेंजो बेसुरा वाटतो, वाजवणाऱ्याची चूक नसते. बाजूच्या तारांखाली फोमची पट्टी सरकवा, मग ड्राइव्ह थोडा वाढवता येतो.

गिटारच्या कॉर्डलाही हेच लागू. पूर्ण सहा तारांची मेजर कॉर्ड ड्राइव्हवर चिरडली जाते. षड्ज-पंचम एवढंच ठेवलं की स्वच्छ राहते. कीबोर्ड गंधार देतोच आहे, तुम्ही कशाला देता?

गोदाकाठ (नांदेड)
खूप मोलाचं मिळालं. आता वीज आणि भुणभुण. गावाकडच्या कार्यक्रमात व्होल्टेज १७०-१८० वर येतं, कधी जनरेटर, कधी इन्व्हर्टर. अडॅप्टर कोणता? आणि सिंगल कॉइलची भुणभुण आटोक्यात कशी आणायची?

नऊव्होल्ट (जालना)
अडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, रेग्युलेटेड, पिनच्या मधे निगेटिव्ह. यातच सगळ्यात जास्त पेडलं मरतात. घरातल्या राउटरचा अडॅप्टर पिनला तंतोतंत बसतो, पण त्याच्या मधे पॉझिटिव्ह असतो आणि बऱ्याचदा तो १२ व्होल्टचा असतो. उलटा लागला की आतला संरक्षक डायोड जळून शॉर्ट होतो. लक्षण असं: दिवा लागत नाही आणि पेडल जोडल्यावर अडॅप्टरचे व्होल्ट शून्यावर येतात. बहुतेक वेळा तो एक डायोड बदलला, १एन४००१ किंवा १एन४००७, की पेडल जिवंत होतं. क्लॉन जातीच्या (क्लॉन नावाच्या ओव्हरड्राइव्हच्या धर्तीच्या) पेडलांना तर सुलट १२ व्होल्टही देऊ नका. आतली व्होल्टेज वाढवणारी आयसी तेवढं सोसत नाही.

कमी व्होल्टेजसाठी स्वतः बांधायचा असेल तर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका. १७० व्होल्टला त्यातून डीसी ११ च्या आसपास निघतं, ७८०९ रेग्युलेटरला तेवढं जेमतेम पुरतं आणि रिपल (डीसीत उरलेली एसीची लहर) आत शिरतो. १५ व्होल्ट ५०० मिलिअँपचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट, ७८०९, पुढं ०.१ मायक्रोफॅरड. १७० ला १४ व्होल्ट मिळतात, २३० ला २० जवळ. १०० मिलिअँपला रेग्युलेटरवर एक वॉटभर उष्णता, छोटा हीटसिंक पुरे.

चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर अडॅप्टर करकरतो. तिथं सरळ ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घाला. एसडी-१ किंवा ट्यूब स्क्रीमर काही मिलिअँपवर चालतात, रात्रभर दम टिकतो. वाजवणं संपलं की इनपुटची पिन काढून ठेवा. बॅटरीचं निगेटिव्ह इनपुट जॅकमधूनच जोडलं जातं. पिन राहिली की पेडल बंद दिसलं तरी बॅटरी उतरत राहते.

सोल्डर (लातूर)
भुणभुणीसाठी आधी गिटारकडं बघा. पाच जागांच्या स्विचची दुसरी आणि चौथी जागा दोन पिकअप एकत्र घेते. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर तिथं भुणभुण जवळजवळ जाते. दुसरं, ड्राइव्हच्या नॉबची खूण घड्याळातल्या ९ वाजताच्या काट्याच्या जागी ठेवून लेव्हल वाढवा. तिसरं, लाइटीच्या डिमरपासून आणि एलईडी पॅनलपासून चार-पाच फूट दूर उभे रहा, आणि उभं राहून थोडं वळून पहा. एका दिशेला भुणभुण सगळ्यात कमी असते.

पेडलपासून मिक्सरपर्यंत २० मीटर साधी वायर ओढू नका. स्टेजवरच डीआय बॉक्स (साधा सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी), तिथून बॅलन्स्ड केबल (लांबवरही भुणभुण न पकडणारी, माइकसारखी). अर्थच्या लूपची भुणभुण असेल तर डीआयचा ग्राउंड लिफ्ट दाबा.

मंडपसाउंड (परभणी)
अर्थिंगवर पोटतिडकीनं सांगतो. भुणभुण घालवायला कोणी थ्री पिनची अर्थची पिन काढून टाकतं, कोणी बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधतं. दोन्ही कधीच करू नका. गिटारच्या तारा अर्थलाच जोडलेल्या असतात. समोरचा माइक दुसऱ्या फेजच्या बोर्डावर असेल आणि कुठं अर्थ तुटला असेल, तर तारेवर हात आणि माइकला ओठ म्हणजे शरीरातूनच रस्ता झाला.

वाजवण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला लावा. एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर वाजवू नका, आधी दोष शोधा. स्टेजवरचं सगळं एकाच बोर्डावरून घ्या. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, भेगा जातात आणि सळईचा मातीशी संबंधच सुटतो. एप्रिल-मेचा कार्यक्रम असेल तर आदल्या दिवशी खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतायला मंडपवाल्याला सांगा.

तुळजाई (धाराशिव)
वरच्या प्रतिसादाला +१. हा चिकटवून ठेवावा.

सहावीतार (छत्रपती संभाजीनगर)
वापराबद्दल थोडं राहिलंय. क्रम: गिटार, ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, मग कोरस, डिले, आणि सगळ्यात शेवटी कॅब सिम्युलेटर. डिले ओव्हरड्राइव्हच्या आधी आला की प्रतिध्वनीही छाटले जातात आणि सगळा काला होतो.

पाय सारखा पेडलवर ठेवायची गरज नाही. ड्राइव्ह निम्म्यावर ठेवून गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणला की साथ स्वच्छ होते, १० वर नेला की लीड. व्हॉल्यूम कमी केल्यावर धार जात असेल तर पॉटच्या वरच्या आणि मधल्या पायात ६८० पिकोफॅरड आणि १५० किलोओहम समांतर लावा.

वेरूळवारा
नॉब फिरवताना खरखर येयली तर?

नऊव्होल्ट (जालना)
धूळ. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा पॉटच्या फटीत मारून नॉब वीस-तीसदा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. गंज काढायचं तेल मारू नका, त्यावर धूळ आणखी बसते.

गोदाकाठ (नांदेड)
निर्णय सांगतो. एसडी-१, पुढं सोल्डर यांच्या किमतींची डबी, तिथून डीआय बॉक्स. अँपसारखं पेडल पुढच्या सीझनला. एक शेवटचं विचारतो, पहिल्या कार्यक्रमात नॉब कुठून सुरू करू?

सहावीतार (छत्रपती संभाजीनगर)
ड्राइव्ह १० वाजता, टोन ११ वाजता. लेव्हल अशी लावा की पेडल दाबल्यावर आवाज बंद असतानापेक्षा थोडाच वर जाईल, दुप्पट नव्हे. नाहीतर मिक्सरचा इनपुटच फाटतो आणि ती फाट कानाला टोचते. ड्राइव्ह बदलला की लेव्हल पुन्हा जुळवा.

मंडपसाउंड (परभणी)
आणि ट्रिम (मिक्सरच्या चॅनेलचा इनपुट गेन) लावताना साउंडवाल्याला पेडल चालू ठेवून सगळ्यात जोरातला लीड वाजवून दाखवा. सगळे पेडल बंद ठेवून चेक देतात, आणि मुखड्यानंतर लाल दिवा लागतो.